नाशिकला बाईक रॅलीसाठी येताय? परवानगी कोणाची आणि चलन कोणाच्या नावावर

"रॅलीला पोलिसांची परवानगी आहे, मग हेल्मेट कशाला?" नाशिकमध्ये बाईक रॅली निघायच्या आधी हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. शंभर-दोनशे गाड्या एकत्र निघणार, पुढे पोलिसांची जीप, चौकाचौकात बंदोबस्त, म्हणजे आज रस्ता आपला, असं त्याला खरंच वाटत असतं. कायद्याच्या लेखी मात्र त्या दोनशे गाड्या म्हणजे दोनशे वेगवेगळे चालक असतात. परवानगी मिळते ती आयोजकाला, आणि तीही ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या मार्गाने मिरवणूक नेण्यापुरती. मोटार वाहन कायद्यातल्या एकाही कलमातून ती कुणाला सूट देत नाही. एवढं नीट समजलं की बाकीचे नियम पाठ करायची फारशी गरज उरत नाही.

पुण्या-मुंबईहून, धुळ्या-जळगावहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून नाशिकला रॅलीसाठी येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी एक गोष्ट विचारायला सांगतो: ही रॅली नक्की कोणत्या प्रकारची आहे? कारण आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी 'बाईक रॅली' म्हणूनच ओळखल्या जातात आणि तिन्हींना लागणारे नियम वेगळे आहेत.

पहिली म्हणजे मिरवणूक. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गुढीपाडवा, पंधरा ऑगस्ट, निवडणुकीचा प्रचार, जनजागृती. हिला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ लागू होतो. याच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त शस्त्रं, लाठ्या-काठ्या बाळगायला मनाई करू शकतात आणि कलम ३७(३) खाली जमाव किंवा मिरवणूक एका वेळी जास्तीत जास्त पंधरा दिवस थांबवू शकतात. सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश निघतात. तेव्हा विनापरवानगी रॅलीत सामील झालात, तर आयोजक कोण हे तुम्हाला माहीत नव्हतं, ही सबब चालत नाही. शोभेची म्हणून गाडीवर तलवार घेऊन मिरवणाऱ्यांनी हे कलम जरूर लक्षात ठेवावं. तिथे शस्त्र कायदाही लागू शकतो.

दुसरी म्हणजे रायडर मंडळींची राइड किंवा मेळावा. वीस-पंचवीस जण पहाटे निघाले, त्र्यंबकला किंवा भंडारदऱ्याला जाऊन आले, सगळे सिग्नल पाळले, तर ती साधी वाहतूक आहे. पण बॅनर, घोषणा, मंच, लाऊडस्पीकर, झेंडा दाखवून शुभारंभ असं काही आलं की ती मिरवणुकीकडे झुकते. मग आयोजकाने पोलिसांकडे लेखी अर्ज केला आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. इथे नाशिकची एक बाब बाहेरच्यांना माहीत नसते. शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं, तर त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी हा भाग ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. गोल्फ क्लब मैदानावरून निघून त्र्यंबकला संपणारी रॅली दोन पोलीस यंत्रणांच्या हद्दीतून जाते. एकाच ठिकाणी अर्ज दिला असेल, तर हद्द ओलांडताना अडचण येऊ शकते.

तिसरी म्हणजे खरीखुरी स्पर्धा, मोटरस्पोर्टमधली रॅली. नाशिकच्या मातीच्या रस्त्यांवर दुचाकींच्या अशा रॅली झाल्या आहेत. यात सगळे एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक चालक निघतो, वाहतुकीला बंद केलेल्या टप्प्यावर घड्याळाशी स्पर्धा करतो आणि ज्याचा एकूण वेळ सगळ्यात कमी तो जिंकतो. देशात या खेळाचं नियमन 'एफएमएससीआय' हा राष्ट्रीय महासंघ करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं, की राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे 'पुढच्या फाट्यापर्यंत बघू कोण आधी पोचतं' हा मेळाव्यानंतरचा खेळ कायद्याने थेट गुन्हा आहे, रस्ता कितीही मोकळा असो. स्पर्धेतल्या चालकांनासुद्धा एका बंद टप्प्यावरून दुसऱ्याकडे जाताना सामान्य वाहतुकीचे सगळे नियम पाळावे लागतात, ही गोष्ट मला या खेळातली सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. वेग कुठे आणि वाहतूक कुठे, याची रेघ त्यांच्या डोक्यात स्वच्छ असते.

तुम्ही अशा स्पर्धेला प्रेक्षक म्हणून येणार असाल, तर उभं कुठे राहायचं हे महत्त्वाचं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही थांबू नका. घसरलेली गाडी तिकडेच येते. फोटो तिथून छान मिळतो हे मान्य, पण मार्शलने शिट्टी वाजवली की मागे व्हायचं, लावलेली पट्टी ओलांडायची नाही आणि लहान मुलाचा हात सोडायचा नाही.

नाशिकपर्यंत पोचताना

नागपूर, संभाजीनगर, शिर्डीकडून येणाऱ्यांसाठी पहिली सूचना: समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, पण चारचाकी आणि मोठ्या वाहनांसाठी. मोबाइलवरचा नकाशा चारचाकीच्या पर्यायावर राहिला असेल, तर तो बिनदिक्कत तुम्हाला तिकडे वळवतो. निघण्यापूर्वी दुचाकीचा पर्याय निवडा. मुंबईहून येणारा कसारा घाटाचा मुंबई-आग्रा महामार्ग दुचाकीला खुला आहे.

चौपदरी दुभाजक असलेल्या महामार्गावर दुचाकीची केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, पालिका हद्दीत ६०. स्थानिक फलकावर त्याहून कमी आकडा असेल तर तोच खरा. पावसाळ्यात इगतपुरी-कसारा पट्ट्यात धुकं इतकं उतरतं, की पुढच्या ट्रकचा मागचा दिवाही दिसत नाही. आणि लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजूने रात्री येणार असाल, तर कांदा भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपासून सावध राहा. अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. शक्यतो उजेडात पोचा. २०२७ च्या सिंहस्थाची तयारीही सुरू आहे, त्यामुळे वळवलेले रस्ते गृहीत धरून वेळ काढा.

नाशिकरोड स्टेशनला उतरून इथेच गाडी भाड्याने घेणार असाल, तर नंबरप्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या गाडीची पाटी काळी असते आणि त्यावरची अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी दिवसाच्या भाड्यावर देत असेल, तर अपघात झाल्यावर विमा कंपनीला भरपाई नाकारायला आयतं कारण मिळतं.

हेल्मेट, फेटा आणि सायलेन्सर

नाशिककरांना हेल्मेटचा विषय नवा नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून शहर पोलिसांनी 'हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही' ही मोहीम राबवली होती आणि पंपांवर त्यावरून भरपूर वादही झाले. मूळ कायदा मात्र साधा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, हेल्मेट सक्तीचं आहे. ते आयएसआय चिन्हाचं हवं आणि पट्टा लावलेला हवा. कायद्यात यासाठी एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र होण्याची तरतूद आहे. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, म्हणून चलनावर वेगळा आकडा दिसू शकतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलालाही हेल्मेट हवंच, शिवाय चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा आणि गाडीचा वेग ताशी ४० च्या आत हवा.

आता फेट्याचं. गुढीपाडव्याला नऊवारी आणि फेटा घालून बुलेटवर निघणाऱ्या बायका बघून मन भरून येतं, शिवजयंतीच्या रॅलीतले भगवे फेटे बघूनही. पण कायद्यातली सूट फक्त पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला आहे. फेटा हेल्मेटचं काम करत नाही. माझं मत विचाराल तर आयोजकांनीच फेटे बांधायची सोय रॅलीच्या शेवटच्या ठिकाणी करावी. तिथे गाड्या उभ्या करून फेटे बांधा, फोटो काढा, ढोल वाजवा. परंपराही राहते आणि डोकंही.

सायलेन्सरबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की बाजारात मिळतो म्हणजे लावायला चालतो. कंपनीने दिलेला सायलेन्सर काढून फटाके फोडणारा लावणं हा वाहनातला बेकायदा बदल आहे. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. आवाजाची मर्यादा ओलांडली म्हणून कलम १९०(२) वेगळं लागतं आणि त्यात दंड दहा हजारांपर्यंत जातो. विनाकारण सतत हॉर्न वाजवण्याला कलम १९४फ खाली पहिल्यांदा एक हजार, पुन्हा केल्यास दोन हजार. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो. शहरातून जाणारी रॅली अशा कितीतरी जागांवरून जाते. आतमध्ये कुणी ऑपरेशननंतर शुद्धीवर येत असतं, कुणी परीक्षेला बसलेलं असतं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे. काही ठरावीक दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत मुभा देतं, पण ती जाहीर झालेली असावी लागते.

राइडर मंडळींमध्ये एक सवय फार रुजली आहे. सिग्नल लाल झाला की गटातला एकजण गाडी आडवी लावून बाकीच्यांना काढून देतो. गट तुटू नये म्हणून तो हे करतो आणि त्याला यात चूक वाटत नाही. पण वाहतूक थांबवण्याचा अधिकार पोलिसांना आहे, स्वयंसेवकाला नाही. सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं हे कलम १८४ मध्ये धोकादायक चालवणं म्हणून मोजलं जातं आणि त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड आहे. मुंबई नाका किंवा द्वारकासारख्या चौकात असा अडवलेला एक मिनिट मागे लांबच लांब रांग उभी करतो आणि त्या रांगेत रुग्णवाहिका असू शकते. रुग्णवाहिकेला वाट न देण्याचा दंड दहा हजार रुपये आहे.

गट तुटला तर तुटू द्या. त्यावर साधा उपाय आहे. सहा-आठ गाड्यांचे छोटे गट करा, प्रत्येक गटात रस्ता माहीत असलेला एक पुढे आणि एक शेवटी ठेवा, पुढची थांबण्याची जागा आधीच ठरवा. मोकळ्या रस्त्यावर एक गाडी लेनच्या डावीकडे, पुढची उजवीकडे अशी नागमोडी रांग धरा आणि पेठ रोडच्या किंवा वणीच्या घाटात एकामागे एक या. ट्रिपल सीट अर्थातच नाही. शिकाऊ परवाना असेल तर मागे मित्रालाही बसवता येत नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी दिलीत, तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. रॅलीतल्या गर्दीत बारीक पोरं चालवताना दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे.

पंधरा ऑगस्टच्या रॅलीला तिरंगा आणणार असाल, तर तो गाडीच्या बाजूंवर, मागे किंवा टपावर गुंडाळू नका. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा, १९७१ मध्ये वाहनावर झेंडा पसरणं हा अवमान मानला आहे.

कागदपत्रांसाठी मात्र फाइल बाळगायची गरज नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधला परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर बारा महिन्यांपर्यंत इथे पुन्हा नोंदणी करावी लागत नाही.

विमा वाचून या

हा भाग कुणी वाचत नाही आणि अपघातानंतर सगळ्यात जास्त रडवतो तो हाच. तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर तुमच्या मागे बसलेली व्यक्ती तिच्यात 'थर्ड पार्टी' धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे तुमच्या चुकीने गाडी पडली आणि मागे बसलेली बायको किंवा मित्र जखमी झाला, तर भरपाई तुमच्या खिशातून. सर्वसमावेशक म्हणजे पॅकेज पॉलिसीत मागे बसणाऱ्याला संरक्षण मिळतं. दुसरी गोष्ट, नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. स्पर्धेत उतरणाऱ्याने आयोजकाचा विमा काय काय भरून देतो, ते लेखी बघावं.

द्राक्षांचा गाव आणि सापुताऱ्याचा रस्ता

नाशिकला आल्यावर गंगापूर धरणाच्या बाजूच्या किंवा दिंडोरीकडच्या वायनरीत जायचा मोह होणारच. जरूर जा, द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते मार्च, मळे बघण्यासारखे असतात. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. मात्र चाखायला जाताना गाडी हॉटेलवरच ठेवा. रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की कलम १८५ लागतं: पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. लिंबूपाणी, कॉफी, डुलकी यांनी रक्तातलं प्रमाण चटकन उतरत नाही. उतरायला काही तास जावे लागतात.

याहून मोठा खड्डा पुढे आहे. रॅलीनंतर बरेच जण वणीमार्गे सापुताऱ्याला निघतात. सुमारे ८० किलोमीटरचा सुंदर रस्ता आहे, पण सापुतारा गुजरातच्या डांग जिल्ह्यात येतं आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. नाशिकमध्ये रीतसर पावतीवर घेतलेली वाइनची बाटली बॅगेत घालून सीमा ओलांडलीत, तर ती पावती तुम्हाला वाचवत नाही. भेट म्हणून घेतलेली न फोडलेली बाटलीसुद्धा. सापुताऱ्याला जायचं असेल तर खरेदी परतीच्या वाटेवर करा.

ड्रोन आणणाऱ्यांनीही इथे जास्त जपायला हवं. देवळालीत तोफखान्याचं लष्करी केंद्र, नाशिकरोडला नोटा आणि मुद्रांक छापणारी मुद्रणालयं, ओझरला विमान कारखाना आणि विमानतळ. या सगळ्यांच्या आसपास ड्रोन उडवणं किंवा फोटो काढणं तुम्हाला थेट पोलीस ठाण्यात नेईल. उडवण्याआधी ड्रोनसाठीच्या 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कोणत्या क्षेत्रात येते ते तपासा आणि शहर पोलिसांचा तात्पुरता मनाई आदेश आहे का तेही विचारा. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. तिथल्या किंवा कुठल्याही वनजमिनीवर पायवाट दिसली म्हणून गाडी चढवायची नाही. गिधाडांना त्रास होतो, इथल्या दुर्मिळ वनस्पती चाकांखाली चिरडल्या जातात, आणि त्या परत आणता येत नाहीत.

मोकळा वेळ असेल तर सकाळी पापड आणि दह्यासोबत मिसळ खा, मग महामार्गालगतच्या पांडवलेणीला पायऱ्या चढून जा. चोवीस लेण्यांपैकी तिसऱ्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. पंचवटीतलं काळाराम मंदिर बघताना २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथे सुरू झालेला सत्याग्रह आठवा. पंचवटीच्या गल्ल्या अरुंद आहेत, पूर्ण ताफा आत नेऊ नका. गाड्या बाहेर वाहनतळावर लावा आणि चालत जा. शिर्डीकडे परतणाऱ्यांनी सिन्नरचं गारगोटी खनिज संग्रहालय चुकवू नये.

अपघात झालाच तर

गटातला प्रत्येकजण धावून येतो आणि पहिल्या पाच मिनिटांत गोंधळ होतो. म्हणून कामं आधीच वाटून ठेवा: एकाने ११२ किंवा १०८ ला फोन करायचा, एकाने मागे जाऊन वाहतूक सावध करायची, प्रथमोपचार येत असलेल्याने जखमीजवळ थांबायचं. मान वळवायची नाही आणि श्वास अडलेला नसेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही. कलम १३४ प्रमाणे धडक दिलेल्या चालकावर जखमीला उपचार मिळवून देण्याची आणि लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांत, पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. जमाव खवळला आणि जिवाला धोका वाटला, तर तिथून निघून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा. मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला घाबरायचं कारण नाही. कलम १३४अ त्याला संरक्षण देतं, त्याच्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. आणि मे २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. ११२ वर फोन लावणाऱ्याने त्याच फोनवर योजनेतलं जवळचं रुग्णालय कोणतं ते विचारून घ्यावं.